छातीवरचीं अक्षरें

माणसाच्या अंगावरील वस्त्र बोलतें ही गोष्ट कांहीं नवी नव्हे. पागोट्याच्या बांधणीवरून गांव, उपरण्याच्या कांठावरून ऐपत आणि लुगड्याच्या नेसणीवरून जात ओळखण्याची विद्या आमच्या आजोबांच्या पिढीस चांगली अवगत होती. परंतु तें बोलणें मुकें होतें. ज्यास ती भाषा येत असेल त्यानें समजून घ्यावें, इतरांनीं खुशाल पुढें जावें. आतां मात्र वस्त्रास खरोखरीची वाचा फुटली आहे. संध्याकाळीं घरांतून बाहेर पडावें तों समोरून येणाऱ्या तरुणांच्या छातीवर कोठें एखाद्या कारखान्याचें नांव, कोठें एखाद्या परदेशी विद्यापीठाचें, कोठें एखादें सुभाषित, तर कोठें निव्वळ उद्धटपणा ठळक टायपांत छापलेला दिसतो. आमच्यासारख्या मास्तरकी करणाराची यामुळें मोठी पंचाईत होते. छापलेलें दिसलें कीं वाचल्यावांचून राहवत नाहीं, आणि अनोळखी माणसाकडे टक लावून पाहणें तर शिष्टसंमत नाहीं!

हें चोरटें वाचन करतां करतां आमच्या मनांत एक प्रश्न घर करून राहिला आहे. पुस्तकावर लेखकाचें नांव असतें, पत्राखालीं सही असते. हीं छातीवरचीं अक्षरें मात्र कोणाचीं म्हणावयाचीं? ज्यानें छापलीं त्याचीं, ज्यानें विकलीं त्याचीं, कीं जो तीं अंगावर घालून हिंडतो त्याचीं?

प्रथम त्या वस्त्राचें कुळ पाहूं. ज्यास आज सारें जग टी-शर्ट म्हणतें तें मूळचें आंत घालण्याचें वस्त्र. आपल्याकडील त्याचा जवळचा आप्त म्हणजे गंजीफ्रॉक. आणि तो शब्दहि इंग्लिश खाडींतील ग्वेर्न्सी बेटाच्या नांवावरून आला असें कोशकार सांगतात. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागें अमेरिकन नौदलांतील खलाशी गणवेषाखालीं तोकड्या बाह्यांचा सुती सदरा घालूं लागले. जमिनीवर पसरला असतां तो इंग्रजी 'टी' अक्षरासारखा दिसतो, म्हणून तो टी-शर्ट. स्कॉट फिट्झजेराल्ड या कादंबरीकाराच्या १९२० सालच्या कादंबरींत हा शब्द आढळतो. पुढें १९५१ सालीं 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर' या चित्रपटांत मार्लन ब्रँडो या नटानें, वर दुसरा सदरा न घालतां, नुसता तोच अंगांत घातला. आणि आंतलें वस्त्र राजरोस बाहेर आलें.

अक्षरें त्याच्यावर याच्याहि आधीं उमटलीं होतीं. 'लाइफ' या अमेरिकन साप्ताहिकाच्या १३ जुलै १९४२ च्या अंकाच्या मुखपृष्ठावर एका सैनिकाचें छायाचित्र आहे, व त्याच्या टी-शर्टावर लास व्हेगस येथील हवाई दलाच्या तोफबाजी शिकविणाऱ्या शाळेचें नांव छापलेलें आहे. छापील टी-शर्टाच्या इतिहासांतील पहिल्या पुराव्यांपैकीं हा एक समजला जातो. म्हणजे छातीवरच्या अक्षरांचें पहिलें काम, हा मनुष्य कोणाचा, हें सांगण्याचें होतें. आपल्या कचेऱ्यांतील पट्टेवाल्याच्या छातीवर जी पितळेची चपरास झळके, तिचेंहि काम हेंच. तिच्यावर त्या बिचाऱ्याचें स्वतःचें नांव नसे. खात्याचें नांव असे.

पुढें युद्ध संपलें, पण पट्टा राहिला. फरक एवढाच झाला कीं पट्टेवाल्यास पगार मिळे, आणि आतां पट्टा बांधून घेणाराच पैसे मोजूं लागला. २०१५ सालच्या ऑक्टोबरांत पॅरिस येथें 'वेतमाँ' नांवाच्या पेढीनें आपल्या नव्या कपड्यांचें प्रदर्शन केलें, त्यांत डीएचएल या पार्सलें पोंचविणाऱ्या कंपनीच्या नांवाचा पिवळा टी-शर्ट होता. पार्सलवाला जो कपडा कामाचा गणवेष म्हणून घालतो, त्याच धर्तीचा कपडा हौशी लोकांनीं १८५ पौंड देऊन विकत घेतला. पट्टेवाल्याची चपरास सरदारानें दागिना म्हणून मिरवावी, तशांतलाच हा प्रकार!

परंतु याची दुसरीहि एक बाजू आहे, आणि ती न सांगणें अन्यायाचें होईल. १९८४ सालच्या मार्च महिन्यांत इंग्लंडच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनीं पोषाखाच्या धंद्यांतील मंडळींस आपल्या निवासस्थानीं बोलाविलें होतें. कॅथरिन हॅम्नेट ही बाई वरून कोट घालून आंत गेली, आणि हस्तांदोलनाच्या वेळीं तिनें कोट उघडला. आंतल्या टी-शर्टावर, अठ्ठावन्न टक्के लोकांस पर्शिंग नकोत, अशा अर्थाचें वाक्य लांबूनहि वाचतां येईल एवढ्या जाड अक्षरांत होतें. पर्शिंग म्हणजे त्या सुमारास युरोपांत आणून ठेवण्यांत येत असलेलीं अमेरिकेचीं अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रें. आपल्या वाक्यांची लोकांनीं नक्कल करावी अशीच आपली इच्छा होती, असें या बाईनें सांगितलेलें आहे. येथें छातीवरचीं अक्षरें मालकाचीं राहिलीं नाहींत; तीं बोलणाराचीं झालीं.

आपणांस हेंहि सर्वस्वीं परकें नाहीं. काशीच्या रामनामी उपरण्यावर लांकडी ठशांनीं देवाचें नांव छापलेलें असतें, आणि वैष्णव मंडळी गोपीचंदनाच्या शंखचक्रांकित मुद्रा अंगावर उमटवितात. तेंहि नांव दुसऱ्याचेंच. पण तें ज्यानें त्यानें आपण होऊन पत्करलेलें. तेव्हां अक्षरें कोठून आलीं एवढ्यावरून तीं कोणाचीं हें ठरत नाहीं. तीं पत्करतांना माणसानें मनाशीं काय तोलून पाहिलें, यावर तें ठरतें. 

हा सारा विचार कदाचित् पुस्तकीच राहिला असता. पण गेल्या उन्हाळ्यांत आमच्याच घरीं असा एक टी-शर्ट तयार झाला, आणि विचारास उदाहरणाचा आधार मिळाला.

आमची कन्या महाविद्यालयांत दुसऱ्या वर्षांत आहे. तिनें पॅरिसच्या दिओर या प्रसिद्ध पेढीच्या एका टी-शर्टाचें चित्र जपून ठेवलें होतें. १९४६ च्या अखेरीस स्थापन झालेल्या या पेढींत स्त्रियांच्या पोषाखाची सूत्रें एका स्त्रीच्या हातीं जावयास २०१६ साल उजाडावें लागलें. ती स्त्री म्हणजे मारिया ग्राझिया किउरी. तिनें आपल्या पहिल्याच प्रदर्शनांत एक साधा पांढरा टी-शर्ट मांडला, व त्यावर, आपण सर्वांनीं स्त्रीवादी असावें, अशा अर्थाचें इंग्रजी वाक्य छापलें. वाक्य तिचें नव्हे. चिमामांडा न्गोझी अदीची या नायजेरियन लेखिकेच्या २०१२ सालच्या भाषणाचें व २०१४ सालीं निघालेल्या छोट्या पुस्तकाचें तें शीर्षक. टी-शर्टाची किंमत होती ७१० डॉलर. त्या वेळच्या भावानें पंचेचाळीस हजार रुपयांच्या वर! सर्वांनीं स्त्रीवादी असावें हें खरें, पण एवढ्या किंमतींत तें सर्वांना परवडावें कसें, असा प्रश्न कन्येच्या आईनें विचारला, आणि तिनेंच तोड काढली: "पांढरा टी-शर्ट अडीचशें रुपयांना मिळतो. रंग घरांत आहे. हात आहेत."

यावर, दुसऱ्याची नक्कल करणें योग्य कीं अयोग्य, असा वाद घरांत निघालाच. पेढीचें नांव घालून खोटा माल विकणें ही लबाडी आहे, आणि ती कायद्यासहि मान्य नाहीं. पण एखादी कल्पना पाहून आपल्या हातांनीं, आपल्यापुरतें, कांहीं करून पाहणें ही चोरी मानली, तर स्वयंपाकापासून संगीतापर्यंत सर्व विद्या चोरीच ठरतील. शिकणाराचा हात प्रथम गिरवितोच. प्रश्न एवढाच कीं गिरवितां गिरवितां तो स्वतःचें वळण कमावतो कीं नाहीं. 

वळणाचा प्रश्न लगेचच पुढें आला. कन्येनें ठरविलें कीं वाक्य मराठींत हवें. तिनें चार-पांच भाषांतरें करून पाहिलीं. 'आपण सर्वांनी स्त्रीवादी असले पाहिजे' हें कागदावर लिहितांच तें एखाद्या सरकारी परिपत्रकासारखें दिसूं लागलें. खालीं जावक क्रमांक तेवढा घालावयाचा राहिला. इंग्रजींत जें सहज वाटत होतें तें मराठींत येतांच आखडून बसलें. 

आमच्या मातोश्री त्या वेळीं शेजारीं ताटांत तांदूळ निवडीत बसल्या होत्या. त्यांनीं विचारलें, "स्त्रीवादी म्हणजे काय ग?" नातीनें पुष्कळ सांगितलें, मतदानाचा हक्क झाला, समान वेतन झालें, सगळें झालें. मातोश्रींनीं सर्व ऐकून घेतलें. मग ताटांतल्या तांदळांवरून बोट फिरवीत त्या म्हणाल्या, "ह्याच तांदळांत माझं नांव बदललं, सोन्याच्या अंगठीनं लिहून. त्याआधी नववीतून शाळा सोडवली. मुलगा ठरवला. मला विचारलं? एवढंच म्हणायचं आहे ना तुला?"

कन्या क्षणभर आजीकडे पाहत राहिली. मग तिनें कागदावरील सारीं भाषांतरें खोडलीं, आणि मोठ्या अक्षरांत दोनच शब्द लिहिले: 'मला विचारलं?'

येथून पुढें खरी कारागिरी सुरू झाली, आणि ती आम्ही शेजारीं बसून पाहिली. नवा टी-शर्ट आधीं धुवावा लागतो. नव्या कापडांतील खळ निघून गेल्याखेरीज रंग धाग्यांत मुरत नाहीं, आणि जें आकसावयाचें असेल तें आधींच आकसलेलें बरें. धुऊन, वाळवून, इस्त्री केल्यावर त्याच्या पोटांत एक जाड पुठ्ठा सारला, म्हणजे पुढचा रंग पाठीकडे उतरत नाहीं. पुठ्ठा घालतांना कापड ताणावयाचें नाहीं. हें विणीचें कापड आहे, मागाचें नव्हे, ताणून रंगविलें तर सोडल्यावर अक्षरें आकसून बसतात. साच्यासाठीं मातोश्रींच्या गुडघ्याचा एक जुना एक्स-रे उपयोगी पडला. ती फिल्म चिवट असते, रंगानें भिजत नाहीं, आणि धारदार पात्यानें स्वच्छ कापतां येते.

साचा कापणें म्हणजे अक्षराच्या जागीं भोंक पाडणें. त्या भोंकांतून रंग कापडावर उतरतो. ऐकावयास हें सोपें आहे. परंतु 'म' कापूं लागतांच त्याच्या पोटांतला चौकोन सुटून खालीं पडला. 'व'चा डोळाहि तसाच पडला असता. इंग्रजी 'ओ' अक्षराचीहि हीच अडचण. पण आपल्या लिपीस शिरोरेषेची आणखी एक आहे. अक्षरांच्या डोक्यावरून सलग रेघ कापली कीं दोन अक्षरांमधला फिल्मचा भाग वरून सुटतो, केवळ खालच्या बाजूनें लोंबत राहतो, आणि रंग लावतांना उचलला जाऊन सगळें बरबटतें. जी रेषा कागदावर शब्दास बांधून ठेवते, तीच साच्यांत शब्दास मोडून टाकते. 

या अडचणीवरहि उपाय मातोश्रींनींच सांगितला. "माळ्यावर माझी ट्रंक आहे. तिच्यावरचं नांव बघ." ट्रंक खालीं काढली. १९६३ सालीं लग्नांत त्यांच्यासाठीं घेतलेली ती पत्र्याची ट्रंक. तिच्या झांकणावर पांढऱ्या रंगांत, पत्र्याचा साचा ठेवून रंगविलेलें नांव अजून स्पष्ट होतें. रंगाऱ्यानें प्रत्येक अक्षराची शिरोरेषा निराळी ठेवली होती, आणि जेथें जेथें पोट किंवा डोळा आहे तेथें तेथें एक बारीक दांडी न कापतां सोडली होती. आंतला तुकडा त्या दांडीनें बाहेरच्या पत्र्यास धरून राहतो. कन्येनें झांकणावर कागद ठेवून त्या दांड्या टिपून घेतल्या. मग तिचें लक्ष अक्षरांवरून नांवाकडे गेलें. नांव आमच्या वडिलांचें होतें.

"आजी, ट्रंक तुझी ना?"

"ट्रंक माझीच," मातोश्री म्हणाल्या. "नांव त्यांचं." 

त्यांच्या स्वरांत तक्रार नव्हती. सुनेनें डबा कोणत्या फळीवर आहे विचारावें व सासूनें सांगावें, तितक्याच सहजपणें त्यांनीं तें सांगितलें. 

दुसरा साचा नीट उतरला. ब्रशानें रंग ओढला तर तो साच्याच्या कडेखालीं शिरतो, म्हणून स्पंजाचा तुकडा रंगांत किंचित् बुडवून, जादा रंग कागदावर टिपून, उभ्या हातानें ठिपके ठोकावे लागतात. आधीं एका जुन्या उशीच्या अभ्र्यावर परीक्षा झाली. मग टी-शर्टावर पहिला पातळ हात, तो सुकल्यावर दुसरा. चोवीस तास तसेंच ठेवून, दुसऱ्या दिवशीं उलट्या बाजूनें, मध्यें कोरडें फडकें घालून, पाण्याचा थेंबहि न शिंपडतां गरम इस्त्री कांहीं मिनिटें फिरविली. उष्णतेनें रंग धाग्यास पक्का धरतो. दांड्यांच्या जागीं अक्षरांत बारीक पांढऱ्या फटी राहिल्या होत्या. त्या ब्रशानें भरून घे, असें आम्ही सुचविलें. पण कन्येनें तें मानलें नाहीं. फटी दिसल्या म्हणजे हातानें कापलें आहे हें कळतें, असें तिचें म्हणणें. 

तिनें तो टी-शर्ट महाविद्यालयांत घातला. कोणी हंसलें, कोणी 'काय विचारलं?' म्हणून थट्टा केली, आणि एका मैत्रिणीनें कांहीं न बोलतां साचा मागून नेला. हॅम्नेट बाईंस जी नक्कल हवी होती ती ही असावी.

पण आम्हांस विशेष वाटली ती गोष्ट घरींच घडली. रंग उरला होता, फिल्मचाहि एक तुकडा उरला होता. मातोश्री मंडईंत नेतात त्या कापडी पिशवीवर त्यांचें नांव घालून देते, असें नात म्हणाली. त्यांनीं थोडा विचार केला आणि एक तीन अक्षरांचें नांव सांगितलें. नातीनें तें पूर्वीं कधीं ऐकलेंच नव्हतें. आम्हांसहि तें आमच्या मामांच्या तोंडून केव्हां तरी ऐकल्यासारखें आठवत होतें. तें त्यांचें माहेरचें नांव. पुढें कोणाचें नांव नाहीं, मागें आडनांव नाहीं. नुसतीं तीन अक्षरें. साठांहून अधिक वर्षें जें नांव कोणत्याहि कागदावर आलें नव्हतें, तें आतां भाजीच्या पिशवीवर आहे. आश्चर्य हें कीं त्यासाठीं त्यांस कोणी आग्रह केला नव्हता. त्यांस फक्त विचारलें होतें. 

आरंभींच्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस यांतून जें लाभलें तें असें. विकत घेतलेल्या वाक्याची आपण किंमत देतों; पण तें तोलून पाहण्याची पाळी आपणांवर येत नाहीं, कारण तें आयतें, पुरतें, गुळगुळीत होऊन हातीं येतें. वाक्य कितीहि उदात्त असो, तशा स्थितींत तें चपराशीहून फारसें निराळें राहत नाहीं. खातें तेवढें बदलतें. तेंच वाक्य आपल्या हातानें कापावयाचें झालें कीं प्रत्येक अक्षर मजुरी मागूं लागतें. लांबलेले शब्द आपोआप गळतात, परके शब्द आपल्या भाषेंत उतरण्यास नाकारतात, आणि शेवटीं जें उरतें तें कोणाच्या तरी आयुष्यांत खरोखर घडलेलें असतें. दिओरच्या पेढीनें उसनें घेतलें, आमच्या कन्येनेंहि उसनेंच घेतलें. परंतु पॅरिसहून निघालेलें तें वाक्य तांदळाच्या ताटाशीं येऊन थांबलें, तेव्हां त्यास घर मिळालें. फॅशननें निमित्त दिलें. अर्थ मात्र घरांतच, ऐंशीं वर्षांच्या एका मौनांत, पडून होता.

आणि त्या बारीक दांड्यांचेंहि आम्हांस पुढें अगत्य वाटूं लागलें. अक्षर स्पष्ट उमटावें म्हणून त्याचा कांहीं भाग न कापतां सोडावा लागतो, हा साच्याचा नियम आम्हां बोलणाऱ्या-लिहिणाऱ्या मंडळींसहि लागू पडण्याजोगा आहे. वर्गांत व्याख्यान देतांना, सभेंत ठराव मांडतांना, इतकेंच काय, घरांत कोणाच्या वतीनें निर्णय घेतांना आम्ही मंडळी सलग रेघ ओढीत जातों. मधें दुसऱ्यानें बोलण्यास जागा म्हणून ठेवीत नाहीं. अशी फटीवांचूनची रेघ कागदावर डौलदार दिसते खरी. परंतु तिच्याखालीं कोणाकोणाच्या अक्षरांचीं पोटें सुटून पडलीं, हें पाहण्यासाठीं एखाद्या वेळीं माळ्यावरची ट्रंक खालीं काढणें बरें.